इंग्लंडमधल्या 'नैसर्गिक' बागा आणि बाबांचा प्रश्न : धरण कुठंय?

सायली_रेडिंगकर

आईबाबा तीन महिन्यांसाठी आलेत इकडे. लंडन दाखवून झालं, बाबांना गर्दीचा कंटाळा आला, म्हणून गेल्या महिन्यात त्यांना विल्टशरमधल्या स्टाउरहेडला घेऊन गेले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मोठी जुनी इस्टेट, मधोमध झाडीत लपलेलं तळं, काठाकाठाने ग्रीक-रोमन पद्धतीची देवळं, एक गुहा, एक पाच कमानींचा दगडी पूल ज्याच्यावर गवत उगवलेलं. मे अखेर होती त्यामुळे ऱ्होडोडेंड्रॉन पेटलेले नुसते. मी इथे चौथ्यांदा जात होते आणि दर वेळी मला हेच वाटत आलंय की काय सुंदर निसर्ग आहे बाई यांच्याकडे.

तर झालं असं की तळ्याभोवती फिरायची मूळ वाट डाव्या हाताला तळं ठेवून जाते. आई म्हणाली देवळं आहेत ना, मग प्रदक्षिणा उजवीकडूनच घालायची, उलटी नाही. मी म्हटलं अगं ही देवळं तसली नाहीत, आत हर्क्युलिस उभा आहे. तर म्हणे असू दे, कुठलाही देव असला तरी उलटं जायचं नाही. निघालो सुलटे. आणि त्यामुळे जी जागा सगळ्या लोकांना शेवटाकडे लागते ती आम्हाला सुरुवातीलाच लागली.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, उभी हयात मातीच्या धरणांवर गेली. आम्ही एका सपाट वाटेवरून चाललो होतो, उजवीकडे तळं, डावीकडे झाडी. बाबा थांबले. झाडीतून डावीकडे खाली वाकून बघितलं, मग उजवीकडे पाण्याकडे बघितलं, मग चपलेच्या टाचेने वाट दोनदा ठोकली आणि म्हणाले, "ही वाट नाहीये. आपण धरणाच्या माथ्यावर उभे आहोत."

मी म्हटलं काहीतरीच काय. तर त्यांनी हात धरून कडेला नेलं. खाली खरंच खोल उतार, तळाशी दुसरं लहान तळं, एक पाणचक्की, आणि वरच्या तळ्याचं जादा पाणी दगडांवरून तिकडे पडतंय. सगळे लोक त्याला धबधबा म्हणून फोटो काढत होते. बाबा म्हणाले, "सांडवा आहे हा. दगड नंतर मांडलेत, नैसर्गिक दिसायला."

घरी येऊन वाचत बसले तर काय! हेन्री हॉअर नावाचा लंडनचा बँकर, त्याने १७५० च्या दशकात स्टाउर नदीचे उगमाकडचे झरे अडवून हे तळं केलं. त्याआधी तिथे बारकी मत्स्यतळी आणि ओलसर दरी होती. फ्लोराचं देऊळ आधीच, १७४० च्या दशकात, गुहा १७४८, पँथिऑन १७५३-५४, पूल १७६२, टेकाडावरचं अपोलोचं देऊळ १७६५. म्हणजे मी चार वेळा ज्याला निसर्ग म्हणून डोळे भरून बघितलं तो एका बँकरने वीस-पंचवीस वर्षं हप्त्याहप्त्याने बसवलेला सेट आहे. तो पूल तर कुठल्या नदीवर नाहीच मुळी, गावाकडून बघताना वाटावं की नदी गावातून वाहत तळ्यात येतेय, एवढ्यासाठी केलेला.

बाबांचा त्या दिवसापासून एकच उद्योग, कुठल्याही बागेचा फोटो दाखवला की विचारतात धरण कुठंय. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा असतं!

आईचं वेगळंच. फ्लोराच्या देवळाच्या दारावर लॅटिनमध्ये लिहिलंय की अपवित्र जनहो, दूर व्हा. मी अर्थ सांगितला तर म्हणाली म्हणजे चपला बाहेर काढा ना, सरळ लिहायचं की. गुहेत मात्र ती गप्प झाली. अंधार, गार हवा, झोपलेल्या अप्सरेची पांढरी मूर्ती, तिच्या खालून झऱ्याचं पाणी वाहतंय बर्फासारखं. पलीकडे नदीदेवाचा पुतळा. आईने ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. "उगम आहे ना, मग तीर्थच."

इथे कोणी अशा अजून इस्टेटी बघितल्यात का? बाबांना दाखवायला यादी हवी आहे. शक्यतो जिथे 'काम' बघायला मिळेल अशा.

मृण्मयी_दी

सायली मस्त लिहिलंयस!! काकूंना साष्टांग. फोटो टाक ना.

यादीत ब्लेनहाइम पहिलं टाक. काकांना खाऊ आहे तिथे. आधी तिथे वॅनब्रू या आर्किटेक्टने अवाढव्य पूल बांधला, आतमध्ये खोल्याबिल्या असलेला, आणि खालून वाहतोय काय तर ग्लाइम नावाचा ओढा. लोक हसायचे, हत्तीच्या अंगावर मुंगीचं झबलं म्हणा किंवा उलटं. मग १७६४ पासून कॅपेबिलिटी ब्राउन हा बागा आखणारा आला, त्याने ओढाच अडवला, दरी भरली, पुलाच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या आणि एकदम पूल त्या जागेला शोभायला लागला. पुलाला हात न लावता पूल दुरुस्त केला. मला तर ही आयडिया फारच आवडते.

पाटाचं_पाणी

मीपण खात्यातलाच (निवृत्त), त्यामुळे काकांच्या टाचेचा आवाज इथपर्यंत आला :)

दोन गोष्टी. एक, त्या काळी रोलर नाही, व्हायब्रेटर नाही, मग तळं गळत का नाही? तर चिकणमाती. ओली करून माणसांनी तुडवून तुडवून थर द्यायचे, गाळणी बंद होईपर्यंत. काही ठिकाणी गुरं नाहीतर मेंढरं फिरवायचे त्यावरून. आपल्या मातीच्या धरणात गाभ्याला काळी माती आणि बाहेरून मुरूम घालतो, हार्टिंग आणि केसिंग म्हणतो, तत्त्व तेच. दुसरं, तळ्याचा शेवट कधीच दिसू द्यायचा नाही. एका टोकाला वळण देऊन झाडीत घालवायचं की बघणाऱ्याला वाटावं नदी पुढे गेली. किंवा जिथे बांध आहे तिथे समोर खोटा पूल उभा करायचा. लंडनमध्ये केनवूडला असा पूल आहे, नुसता पांढरा दर्शनी भाग, मागे काही नाही. बांध झाकायला एवढा आटापिटा आणि आम्ही आयुष्यभर बांधावर खात्याची पाटी लावत फिरलो.

दगडू_अनिवासी

हे सगळं ठीक आहे पण पैसा कुठून आला ते पण लिहा की. आपल्याकडून नेलेल्या पैशावर यांची हिरवळ. मला तर अशा ठिकाणी गेलं की डोकंच फिरतं.

सायली_रेडिंगकर

दगडू, तुझा मुद्दा बरोबर आहे पण सरसकट नाही रे. स्टाउरहेड बँकेच्या पैशाचं. म्हणजे धुतल्या तांदळाचं नव्हेच, साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटून (साउथ सी बबल) जग बुडालं तेव्हा या हॉअर बँकेने वेळेवर शेअर विकून नफा केला होता आणि ती कंपनी गुलामांचा व्यापार करायची. पण ते हिंदुस्थानचे पैसे नव्हेत. हिंदुस्थानच्या पैशाचं बघायचं तर क्लेअरमाँट बघ, सरेमधलं. खुद्द क्लाइव्हने १७६९ मध्ये विकत घेतलं, वॅनब्रूचं जुनं घर सखल आणि दमट जागी म्हणून पाडून टाकलं आणि ब्राउनकडून वर उंचावर नवं बांधून घेतलं. आणि नीट राहायच्या आतच १७७४ मध्ये गेला. यॉर्कशरचं हेअरवूड वेस्ट इंडीजमधल्या साखरेच्या आणि गुलामांच्या पैशाचं, तिथेपण ब्राउनचंच तळं.

मृण्मयी_दी

सेझिंकोटबद्दल कोणी कसं लिहिलं नाही अजून??

ग्लॉस्टरशरमध्ये, कॉट्सवोल्डच्या अगदी आत. चार्ल्स कॉकरेल म्हणून ईस्ट इंडिया कंपनीतला माणूस, त्याने आर्किटेक्ट भावाकडून १८०५ च्या सुमारास मुघल पद्धतीचं घर बांधून घेतलं, वर तांब्याचा हिरवा पडलेला कांद्यासारखा घुमट. आजूबाजूला मेंढ्या चरतायत आणि मध्ये हे! पण खरी मजा बागेत. एक ओढा उतरत येतो, वरच्या कुंडाशी सूर्याचं देऊळ, मध्ये खांबाला वेटोळं घातलेला नाग, आणि पुलाच्या कठड्यावर ओळीने नंदी बसलेत. मी गेले तेव्हा पाऊस पडत होता आणि नंदीच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं, आपल्या गावच्या महादेवाला आल्यासारखं वाटलं एकदम, मग पुलाच्या पलीकडे इंग्लिश म्हातारी वॅक्स जॅकेट घालून उभी दिसली आणि भानावर आले.

आणि आता आपला संबंध : पुलाच्या खाली उतरून पाण्यातल्या दगडांवरून जाता येतं, तिथले जाडजूड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत! बागेतली ही कामं थॉमस डॅनियल या चित्रकाराने सुचवली. तो आणि त्याचा पुतण्या १७९३ मध्ये मुंबईकडे आले होते आणि जेम्स वेल्सबरोबर लेणी बघत फिरले. हा वेल्स म्हणजे तोच, पुण्याला पेशव्यांकडे राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा.

घर खाजगी आहे, ठरावीक दिवशीच उघडं असतं, आधी बघून जा.

दगडू_अनिवासी

म्हणजे घारापुरीचे खांब ओढ्यात आणि नंदी कठड्यावर. छान. माझं डोकं अजून फिरलं. पण जाणार बघायला.

खवचट_खान्देशी

लँडस्केपचं आम्हाला काही कळत नाही, पण चॅट्सवर्थवर बोलायचा अधिकार आम्हा जळगावकरांना आहे. कसा ते ऐका.

चॅट्सवर्थ म्हणजे डर्बीशरमधली ड्यूक ऑफ डेव्हनशरची इस्टेट. १८२६ मध्ये तिथे जोसेफ पॅक्सटन नावाचा तेविशीतला पोरगा हेड गार्डनर म्हणून लागला. पहाटे साडेचारला पोचला, गेट बंद, तर भिंत चढून आत गेला, सगळी बाग पायी बघितली, सहाला माणसं कामाला आली त्यांना कामं वाटून दिली, मग नाश्त्याला गेला तिथे हाउसकीपरची भाची भेटली, तिच्या प्रेमात पडला आणि हे सगळं नऊच्या आत. (लग्न झालं दोघांचं, बाई हिशोबाला पक्की निघाली.) आमच्याकडे नऊपर्यंत चहाच होत नाही.

तर या पॅक्सटनने काचघरात मॉरिशसहून आलेलं बुटक्या केळीचं रोप वाढवलं, १८३५ मध्ये ते निसवलं. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश. म्हणून ती केळी कॅव्हेंडिश. आणि आपली बसराई? कॅव्हेंडिश. आत्ता रावेर-यावलकडे ज्याच्या गाड्या भरून जातात ती जी-नाईन? कॅव्हेंडिश गटातलीच. आमची रोपं त्याच काचघरातून आली असं म्हणत नाही मी, ही केळी मूळची आशियातलीच, पण वाण आमच्याकडचा आणि नाव ड्यूकचं, याला काय म्हणायचं ते दगडूशेठ सांगतील.

सायलीताई, काकांना तिथलं एम्परर कारंजं दाखवा. १८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून सहा महिन्यांत केलं. वर माळावर तळं खोदलं, तिथून पाइप खाली, पंप नाही काही नाही, नुसत्या उंचीच्या दाबावर पाणी ९० मीटरपर्यंत उडालं. झार आलाच नाही.

पाटाचं_पाणी

९० मीटर, हेडलॉस (पाइपातल्या घर्षणात जाणारा दाब) धरून?! खवचटराव, झोप उडवलीत. वरचं तळं किती उंचावर ते बघतो.

अण्णा_वूस्टर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, धागा बघून राहवलं नाही. मी इथे एका बागेत आठवड्यातून दोन दिवस व्हॉलंटियर म्हणून जातो, रिटायरमेंटनंतर गुडघे दुखायला लागले म्हणून सुरू केलं, आता त्यामुळेच दुखतात.

सायली, तू निसर्ग आणि सेट म्हणालीस ना, त्यावर सांगतो. लोकांना वाटतं फ्रेंच बाग म्हणजे मेहनत, व्हर्सायसारखी कातरलेली, आणि इंग्लिश बाग म्हणजे सोडून दिलेलं कुरण. उलट आहे. क्रूम कोर्ट घ्या, आमच्या वूस्टरशरमधलंच. १७५१ मध्ये ब्राउनने स्वतंत्र धंदा सुरू केल्यावर मिळालेलं पहिलं मोठं काम. ती जागा म्हणजे दलदल होती, गुडघाभर चिखल. त्याने जमिनीखालून विटांचे मोठे नाले काढले, सगळं पाणी एका खोदलेल्या 'नदी'त आणलं, ती नदी कुदळ-फावड्याने खोदायला वर्षानुवर्षं लागली. जुनं चर्च पाडून टेकाडावर नवं बांधलं, घरासमोर येत होतं म्हणून गाव हलवलं. आणि हे सगळं झाल्यावर बघणारा म्हणतो किती शांत, कोणी हात लावलेला नाही! तिथल्या अर्लने मागे ब्राउनचं स्मारक उभारलं त्यावर कोरलंय की याने दलदलीतून हे घडवलं. मालकाला माहीत होतं पैसे कशात गेले ते.

जाता जाता, तिथला आपला संबंध वेगळाच आहे. १९७९ ते १९८४ ते घर हरे कृष्ण वाल्यांकडे होतं. डायनिंग रूमच्या छताखालचं पांढरं प्लास्टरकाम, फुलं-फळं, त्यांनी निळ्या-गुलाबी-सोनेरी रंगात रंगवून टाकलं. नॅशनल ट्रस्टने, म्हणजे इथल्या जुन्या वास्तू-बागा सांभाळणाऱ्या संस्थेने, ते पुसलं नाही, तसंच ठेवलंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गणपतीच्या मखराची आठवण आली. पार्कातून मधोमध एम-फाइव्ह मोटरवे गेलाय तोही तसाच आहे, त्याला काही करता येत नाही.

आता 'हा-हा'बद्दल कोणीच लिहिलं नाही. बागेसमोर थेट गाई दिसतात पण गाई बागेत येत नाहीत, कुंपण दिसत नाही. कसं? तर चर खणलेला असतो. घराच्या बाजूला उभी दगडी भिंत, पलीकडच्या बाजूला हळूहळू वर जाणारा गवताचा उतार. गाय उतार उतरून भिंतीशी येते आणि थांबते. घरातून बघणाऱ्याला गवताची एकच सलग चादर दिसते, आपली हिरवळ कुठे संपली आणि गायरान कुठे सुरू झालं कळत नाही. नाव का? तर काठावर जाईपर्यंत दिसत नाही आणि दिसलं की माणूस 'हा! हा!' करतो. मी 'आई गं' केलं होतं. पहिल्याच आठवड्यात ढकलगाडीसकट.

या भिंतीची डागडुजी हे आमचं हिवाळ्यातलं मुख्य काम. ओल धरते, मुळं घुसतात, दगड पोटातून फुगून बाहेर येतो. एक दगड निघाला की पाच निघतात. मग मागची माती उकरा, पाणी जायला बारीक खडी भरा, चुन्याने परत बसवा. सिमेंट अजिबात चालत नाही, भिंतीला श्वास घेऊ दे म्हणतात. आणि उन्हाळ्यात भेट द्यायला येणारे म्हणतात वा काय मोकळं वाटतं.

मृण्मयी_दी

अण्णा ढकलगाडीसकट 😂😂 लागलं नाही ना फार?

गवत कापायचे कसे पण तेव्हा? एवढी हिरवळ?

अण्णा_वूस्टर

लागलं थोडं, मान जास्त दुखावला.

गवत लांब दांड्याच्या विळ्याने. उभं राहून अर्धवर्तुळात फिरवायचा, पाच-सहा जणांची ओळ एका तालात. पहाटे दव असतानाच, कारण ओलं गवत जड असतं, पात्यासमोर वाकत नाही, कोरडं झालं की लवतं. मागून बायका आणि पोरं गोळा करत जायच्या. लॉनमोवर १८३० मध्ये आला, ग्लॉस्टरशरच्या बडिंग नावाच्या माणसाने पेटंट घेतलं. घरापासून लांबचं गवत मात्र मेंढ्यांकडे. फुकट, आणि देखाव्यातही शोभतात. आम्ही एक दिवस विळा चालवायचा वर्ग केला, माझ्यामागे जे गवत उरलं ते न्हाव्याने अर्ध्यावर सोडलेल्या डोक्यासारखं.

भीमाकाठ

वाचतोय सगळं, पहिल्यांदाच लिहितोय. अण्णांनी गाव हलवलं हे एका ओळीत लिहिलं, तिथेच अडलो. आमचं जुनं गाव उजनीत गेलंय. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं तेव्हा लोक फोटो काढायला येतात, आजी मात्र जायची नाही. पण आमचं निदान पाण्यासाठी, उसासाठी, कुणाच्यातरी शेतासाठी गेलं. नुसतं दिसायला नको म्हणून गाव उठवायचं?

अण्णा_वूस्टर

भीमाकाठ, बरोबर पकडलंत. सगळ्यात वाईट उदाहरण डॉर्सेटमधलं मिल्टन अ‍ॅबसचं. तिथे खेडं नव्हतं, बाजारपेठेचं गाव होतं, शाळा, दारूचे गुत्ते सगळं. लॉर्ड मिल्टन, मूळचा जोसेफ डेमर, याला घराशेजारी हे नको होतं. भाडेपट्टे संपतील तशी घरं ताब्यात घेऊन पाडत गेला, काही वर्षं चाललं हे, १७८० च्या आसपास गाव संपलं. ब्राउन या कामात होता. लोकांना टेकडीआड एका दरीत नवीन गाव बांधून दिलं, दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी, गवती छपरांची जोडघरं. आज बिस्किटाच्या डब्यावर शोभेल असं दिसतं, बसेस भरून लोक येतात. एकेका छोट्या घरात किती कुटुंबं कोंबली होती ते फोटोत येत नाही.

हॅरिसन नावाचा वकील तेवढा अडून बसला. सांगतात की लॉर्डने तळ्याचं दार उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं, वकिलाने कोर्टात खेचलं आणि जिंकला. तो मेल्यावरच ते घर पडलं.

भीमाकाठ

पुनर्वसन सगळीकडे सारखंच म्हणायचं. वकील आवडला.

चिंच_गूळ

अवांतर : ब्राउनचं खरं नाव लान्सलॉट. कुठल्याही मालकाकडे गेला की तुमच्या जागेत बऱ्याच 'कॅपेबिलिटीज' आहेत म्हणायचा म्हणून ते नाव पडलं. थोडक्यात इस्टेट एजंटची भाषा. पण माणूस माळ्याच्या कामातून वर आला, नॉर्थंबरलंडच्या कर्कहार्ल गावचा, १७४१ मध्ये स्टो नावाच्या इस्टेटीत हेड गार्डनर, १७६४ मध्ये राजाचा हॅम्प्टन कोर्टचा मुख्य माळी. दीडशेच्या वर इस्टेटींवर त्याची छाप आहे. हॅना मोर म्हणून लेखिका होती तिला त्याने समजावलं होतं की मी बागेत व्याकरणच करतो, इथे स्वल्पविराम, इथे कंस, इथे पूर्णविराम की पुढे दुसरा विषय. (आपल्या इथल्या काही लेखकांनी या माळ्याकडून शिकायला हरकत नाही, नाव घेत नाही.)

विरोधकही होते. त्या काळचा एक विनोदी माणूस, रिचर्ड ओवेन केंब्रिज, त्याला म्हणाला होता की मला तुझ्याआधी मरायचंय, तू स्वर्ग सुधारायच्या आत मला तो बघायचाय.

ब्राउननंतर बागा आखणारा मोठा माणूस म्हणजे रेप्टन. हा चित्रं चांगली काढायचा. मालकाला लाल चामड्यात बांधलेली वही द्यायचा, त्यात जागेचं चित्र, त्यावर चिकटवलेली घडी. घडी खाली असताना आत्ताची जागा, उचलली की तळं, झाडं, हरणं. आपले बिल्डर सँपल फ्लॅट दाखवतात तसंच, फक्त रेप्टन स्वतः काम करून देत नसे, वहीचेच पैसे घेई. बऱ्याच मालकांनी वही कपाटात ठेवली आणि काही केलंच नाही.

खवचट_खान्देशी

नाव घ्या की, आम्ही बसलोय.

दगडू_अनिवासी

स्टोबद्दल थोडं मीही सांगतो, म्हणजे नुसता शिव्या घालत नाही हे कळेल. तिथे लॉर्ड कॉबमचं पंतप्रधान वॉलपोलशी वाजलेलं. तर त्याने बागेतच राजकारण केलं. एका बाजूला प्राचीन सद्गुणांचं सुबक गोल देऊळ, आणि जवळच आधुनिक सद्गुणांचं देऊळ, ते मुद्दाम पडकं बांधलेलं, त्यात मुंडकं नसलेला पुतळा. सगळ्यांना कळायचं कोणाचा ते. पलीकडे सोळा थोर ब्रिटिशांचे अर्धपुतळे रांगेत, आणि त्याच बांधकामाच्या मागच्या अंगाला भलामोठा स्मृतिलेख, वाचत गेलात की शेवटी कळतं की हा फिडो नावाच्या कुत्र्याचा आहे. हे मात्र मला आवडलं. तिथल्या ग्रीशियन व्हॅलीची दरीपण खरी नाही, ब्राउनच्या हाताखाली माणसांनी फावड्याने खोदून ढकलगाड्यांनी माती वाहिली. आणि एवढं करून पुढच्या पिढ्या कर्जात बुडाल्या, १८४८ मध्ये घरातलं सामान लिलावात. आता तिथे शाळा आहे.

चिंच_गूळ

दगडू, हे तुम्ही लिहिलंत? अकाउंट हॅक झालं का :)

कर्जावरून आठवलं, पेन्सहिल या इस्टेटीचा मालक चार्ल्स हॅमिल्टन. त्यानेही बाग करून करून स्वतःला विकायला काढलं. त्याने बागेत एक खोपटं बांधून साधू नेमायची जाहिरात केली होती म्हणतात. सात वर्षं राहायचं, केस-दाढी-नखं कापायची नाहीत, कोणाशी बोलायचं नाही, ७०० गिनी शेवटी एकरकमी. साधू तीन आठवड्यांत पबमध्ये सापडला.

मृण्मयी_दी

तीन आठवडे पण खूप झाले. मी लॉकडाउनमध्ये तीन दिवसांत बाल्कनीतून शेजारणीशी बोलायला लागले होते.

सायली_रेडिंगकर

अपडेट!! शनिवारी बाबांना घेऊन ब्लेनहाइमला जाऊन आलो.

मृण्मयी, तू म्हणालीस ते पुलाचं अगदी खरं. पुलाच्या पोटात खिडक्या आहेत आणि त्या जवळजवळ पाण्याला टेकल्यात. आई म्हणाली या खोल्यांत राहणाऱ्यांचं सामान कुठे नेलं असेल. मी म्हटलं कोणी राहत नव्हतं गं बहुतेक.

राजवाडा बाबांनी दहा मिनिटांत संपवला. चर्चिल जन्मला ती खोली लांबूनच बघितली. मग तळ्याच्या काठाने चालत चालत थेट दुसऱ्या टोकाला, जिथे ब्राउनने मोठा धबधबा केलाय. वाटेत मी दोनदा म्हटलं की बाबा पाय दुखतील, ऐकतायत कुठे. धबधबा म्हणजे मोठमोठे दगड रचलेले, वरून पांढरंशुभ्र पाणी, आजूबाजूला यू नावाच्या झाडांची काळी झाडी, कोणीही म्हणेल डोंगरातच आलो. बाबा तिथे वीस मिनिटं उभे. आधी दगड बघितले, मग वरची पाण्याची रेघ एका डोळ्याने मोजली, मग बाजूच्या उताराकडे बोट करून मला दाखवलं की हा बघ बांध, झाडं लावून असा मुरवलाय की आपल्या साहेबांनासुद्धा सापडला नसता. आणि म्हणाले, "अडीचशे वर्षं. एकदाही माथ्यावर झाडं लावू नका म्हणून सर्क्युलर आलं नसेल याला." (पाटाचं_पाणी काका, हे तुम्हाला कळेल.)

आई बाकावर आइस्क्रीम खात बसली होती. मग बाबांनी खात्यातल्या जुन्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्र झालेली, ते बिचारे बनियनवर. बाबांनी काही न बोलता फोन नुसता पाण्याकडे धरून ठेवला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग काका म्हणाले, "सांडवा चांगलाय. खालच्या अंगाला गळती आहे का बघ."

बाबा गेले बघायला.